पोशीमावशीची पाचवी गाठ

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाच्या हातात पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. पण पोशीमावशीबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तिला स्वतःला लिहिता येत नाही आणि बाकीच्या चौघींना वेळ नाही. राहिले मी.

पोशीमावशी पायाच्या अंगठ्याने गाणं चालवते.

ती धवलारीण आहे. आमच्या खारपट्ट्यात लग्न म्हटलं की धवलारीण लागते. मांडव घातल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. ते ती म्हणते आणि आम्ही पाचजणी मागून म्हणतो. भटजी येतो, तासाभरात जातो. धवलारीण दोन दिवस बसून असते. तिच्या एका हातात दिवा, दुसऱ्यात तांदूळ. मग आम्ही कुठं उचलायचं, कुठं थांबायचं, हे कळणार कसं? म्हणून ती उजवा पाय लुगड्याबाहेर काढून बसते. अंगठा वर गेला की उचलायचं, खाली आला की सोडायचं. आडवा हलला तर कुणीतरी चुकतंय. आणि आपल्याकडे वळून थांबला, तर चुकणारी आपणच.

त्यामुळे वीस वर्षांत मी एकाही नवऱ्या मुलाचं तोंड नीट पाहिलेलं नाही. लग्नाहून आलं की शेजारीण विचारते, "नवरा कसा व्हता गो?" मी काय सांगणार? मी अंगठा बघून आलेली असते.

त्याच अंगठ्याने तिने एकदा डीजेची वायर काढली होती. हळदीची गाणी चालू असताना डीजेवाल्या पोराने मध्येच आपली पेटी सुरू केली. पोशीमावशी बसल्या जागेवरून जरा पुढे सरकली, बोटांच्या बेचक्यात वायर धरली आणि ओढली. गाणं थांबलं नाही, हातातले तांदूळ सांडले नाहीत. गाणं संपल्यावर त्याला म्हणाली, "बाला, तुझ्या पेटीला बटन हाय. माझ्या गल्याला नाय. म्हनून पयली मी." तो पोरगा आता तिला बघितलं की आधी वायरा गोळा करतो.

तिच्या हाताखाली यायचं तर परीक्षा द्यावी लागते. ती गायला सांगत नाही. खाडीच्या बांधावर उभं करते आणि पलीकडच्या तीरावर कोलंबी पकडणाऱ्या बाईला हाक मारायला लावते. आमच्या बेबीने हाक मारली तेव्हा पलीकडच्या तीन बाया वर बघायला लागल्या आणि एकीच्या हातातला आसू, म्हणजे कोलंबीचं जाळं, सुटला. माझी पाळी आली तेव्हा मी हाक मारली आणि माझ्या शेजारच्या कुत्र्याने मान वळवली. तेवढंच. मी घरी जायला निघाले तर मागून पोशीमावशी म्हणाली, "उद्या ये."

बेबी माझी चुलत जाऊ. तिच्या पोटात काही राहत नाही. तिने तोंडावर विचारलं, "मावशी, हिचा आवाज तर हिच्या पदराच्या भायेर येत नाय. हिला कशाला घेतलीस?"

"तू गातेस तवा तुला कोन ऐकू येतं?"

"मीच येते."

"मंग? हिला आपन समद्या ऐकू येतो."

तेव्हापासून मी बेबीच्या डाव्या हाताला बसते. पोशीमावशी आवाजांना भांड्यांची नावं देते. बेबी हंडा. दोघी कळश्या, एक तांब्या. मी वाटी. बेबी जास्त चढली तर अंगठा तिच्याकडे वळतो आणि मावशी पुटपुटते, "हंडे, वाटीला बुडवू नुको."

तालमीला ती आम्हाला मिठागराच्या बांधावर नेते. तिथं समुद्राचा वारा थेट तोंडावर येतो आणि पहिल्या दिवशी घसा फाटतो. तिचं म्हणणं, वाऱ्यात एकमेकीचं ऐकता आलं तर मांडवात डीजे काय आणि फटाके काय. लग्नात आम्हाला थंडा प्यायला बंदी. कुणी बाटल्या आणून दिल्या तर ती सगळ्या गोळा करून मांडवाच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटते. त्यामुळे म्हाताऱ्यांत तिचं फार नाव आहे. "छान" हा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकलेला नाही. सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "चालंल." एका वर्षी उरणच्या बाजूच्या एका लग्नात ती "बरं झालं" म्हणाली, तर बेबी सहा आसनी रिक्षात बसून घरापर्यंत रडत आली.

मानाचे पैसे ती पहिल्याच दिवशी घेते आणि गाण्याला बसायच्या आधी तिथल्या तिथं सहा सारखे वाटे करते. तिचा वाटा आमच्याएवढाच. "पैशाचा इचार पोटात राहिला का आवाज वर येत नाय," म्हणते. नोटा पोलक्यात गेल्या की मगच दिवा लावायचा.

आता त्या गाठींचं सांगते.

हळदीच्या दिवशी देवांना बोलावून झालं की त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवतात. आजा, पणजी, चुलता, जे गेले ते सगळे. या म्हणायचं, पाटावर बसा म्हणायचं, लेकराला आशीर्वाद द्या म्हणायचं. एक नाव राहिलं तर त्या घरातल्या बायका जन्मभर बोलून दाखवतात. म्हणून पोशीमावशी आदल्या दिवशी स्वतः त्या घरी जाते, नावं विचारून घेते आणि प्रत्येक नावाची पदराला एक गाठ मारते. गाताना नाव घेतलं की गाठ सोडते. याबाबतीत तिचा नियम कडक आहे. नाव तोंडाने विचारायचं, अंदाज करायचा नाही. "मेलेला मानूस तक्रार घेऊन येत नाय, म्हनून आपन दोन बारी विचारायचं."

तीन वर्षांमागे खाडीपलीकडच्या गावात लग्न होतं. आदल्या दिवशी मावशीचे गुडघे सुजले. ती मला म्हणाली, "कमले, नावं आनायला तू जा."

"मी?"

"मंग कोन, तुझा नवरा? आन् कोनाला सांगू नुको. माझे गुडघे गेले ह्ये बेबीला कललं तर सांजेला पेनच्या बाजारात कलंल."

मी गेले. घरात लग्नाची गर्दी. ओटीवर दहा-बारा पुरुष पत्ते खेळत बसलेले. त्यांच्यामधून वाट काढून आत जायलाच मला घाम फुटला. नवरीची आजी कोपऱ्यात बसली होती. तिला कमी ऐकू यायचं आणि डोळ्यांवर झोप होती. तिने चार नावं सांगितली आणि तिची मान कलंडली. मी भिंतीकडे बघितलं. चार फोटो, चारही नावं जुळली. पण शेजारी पाचवा फोटो होता. चांगला सुटातला माणूस, फोटोला चंदनाच्या सालीचा हार, खाली नाव. आजीला उठवून कानात ओरडून विचारायला हवं होतं. पण ते दहा-बारा पुरुष वर बघतील म्हणून मी गप्प बसले. घरातल्या कुणी माझ्यापुढे तांदळाचं सूप ठेवलं, त्यांना वाटलं मी कामाला आलेय. तांदूळ निवडून दिले आणि घरी आले. मावशीला पाच नावं सांगितली.

"पाची विचारलीस?"

"हो."

तिने पाचवी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी मांडव भरलेला. देव बोलावून झाले. माणसं बोलवायला सुरुवात झाली. एक गाठ सुटली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या नावाला पोशीमावशीने आवाज वर नेला. "बाळाराम, मांडवी या!" अंगठा वर गेला, आम्ही उचललं. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी सुटातला एक माणूस मिठाईचा खोका सांभाळत आत शिरला आणि हात वर करून ओरडला, "आलो, आलो! गाडी लावायला जागा मिळंना!"

पहिल्यांदा नवरीची आत्या किंचाळली. मग मांडव उठून उभा राहिला. पोशीमावशी त्या माणसाकडे बघत राहिली आणि तिचा अंगठा वरच राहिला. सोडायची खूणच येईना, म्हणून आम्ही पाचजणी "या" धरून बसलो. बेबीचा श्वास लांब. मी संपले, कळश्या संपल्या, तांब्या संपला, बेबी एकटी "या" म्हणत होती आणि तो माणूस "आलो की!" म्हणत होता.

ते बाळारामतात्या. नवरीच्या आज्याचे धाकटे भाऊ. कंपनीतून निवृत्त होऊन पेणला मुलाकडे राहणारे, चांगले धडधाकट. त्यांच्यामागून त्यांची बायको तुळसाकाकू आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. काय झालं ते तिला कुणीतरी सांगितलं.

"भर मांडवात माझं कुंकू पुसलंन हिनं!" ती ओरडली. "आणि हे काय, ओ देतात! मेलेल्यांच्या हाकेला ओ देतात!"

"अगं, माझंच नाव घेतलं," तात्या म्हणाले.

"तुम्ही तोंड उघडू नका. एकदा ओ दिलीत तेवढी पुरे झाली!"

 मावशीला ठाऊक होतं नाव कुणी आणलं. मलाही ठाऊक होतं. बाकी जगात कुणाला नाही. मला उठायचं होतं, पण मी उठले नाही.

पोशीमावशी उठली. गुडघे धरून उठली आणि म्हणाली, "चूक माझी. माझं वय झालं." वय झालं असं ती कधी कबूल करत नसे. मग तिने सगळ्यांसमोर ती सोडलेली पाचवी गाठ पुन्हा घट्ट मारली. तात्यांना पाटावर बसवलं, पाच सवाष्णींकडून ओवाळून घेतलं आणि जिवंत माणसाला परत जिवंतांत आणायचं गाणं म्हटलं. असं गाणं नाही. तिने तिथंच केलं. शंभर वर्षं जगा, नातवांचे नातू बघा, गाडीला जागा मिळो, असं सगळं त्यात घातलं. अंगठा सांगेल तसं आम्ही मागून म्हटलं. तात्यांना इतकं आवडलं की म्हणाले, "आणखी एक कडवं होऊ द्या. मेल्यावर मला कुठं ऐकू येणार?" पण तुळसाकाकू मांडवाबाहेर जाऊन बसली ती आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशीमावशीने पत्र्याच्या डब्यातून सहा हजार रुपये काढले आणि नवरीच्या बापाला परत दिले. आमचे एकेक हजाराचे पाच वाटे आमच्याजवळ राहिले. तिने मागितले नाहीत. "चुकलेल्या गान्याचा पैसा घ्यायचा नसतो," म्हणाली. चौघींना वाटलं म्हातारी हट्टी आहे.

त्या हंगामात तीन घरांनी बोलावणं रद्द केलं. "जित्याला मारनारी" असं बायका म्हणू लागल्या. एका घराने तर धवलारणीच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह आणून लावला. आमच्या अंगणापर्यंत आवाज येत होता. पोशीमावशी सुकट निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "ही बाई श्वास कवा घेते गो? घेतच नाय. मरंल." तेवढं बोलून पुन्हा खाली मान घातली. पण तिची पाटी भरत नव्हती.

बेबी म्हणायची, "मावशीची आठवन गेली. आता कोनीतरी दुसरी बघाया पायजे." मी ऐकून घेत होते. शेवटी एका दुपारी मी मावशीला म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना, नावं मी आणली होती."

"काय कराया?"

"तुझं नाव गेलं."

"माझं गेलं तं जाऊ दे, माझं पिकलेलं व्हतं. कमले, बेबीची चूक काढली तर बेबी दुसऱ्या दिवशी आजून मोठ्यानं गाते. तू गप बसतेस. वीस वर्सांनी तुझं तोंड आता कुठं उघडाया लागलंय. परत मिटलं तर मी कुठं जाऊ? नावं आनाया तुला धाडली ती का गुडघ्यांसाठी? एक रिक्षा नसती केली?"

मला तेव्हा समजलं की ती तिच्यानंतर तिच्या जागी बसायला मला तयार करत होती. हंडा नाही, कळशी नाही, वाटी. मी घरी आले, स्वयंपाक केला, पण जेवले नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी सुकटीची पाटी पेणला नेली, विकली आणि पाटी तशीच घेऊन तुळसाकाकूचं घर विचारत गेले. तीन वेळा दारावरून पुढे गेले. चौथ्या वेळी तिनेच खिडकीतून विचारलं, "बाई, कोण पाहिजे?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

दारातच सगळं सांगून टाकलं. आत जाऊन बसले असते तर धीर सुटला असता. चार नावं, आजीची झोप, पत्ते खेळणारे पुरुष. "काकू, चूक माझी. पोशीमावशीची नाही. तात्यांच्या फोटोला हार होता, म्हणून मी त्यांना त्यात धरलं."

"कसला हार?"

"चंदनाचा. सालीचा."

 तुळसाकाकू आत वळून ओरडली, "अहो! तुमच्या फोटोला हार आहे म्हणते ही!"

आतून तात्यांचा आवाज आला, "तूच घातलास की. निवृत्तीच्या सत्काराचा. घरात ठेवायला जागा नाही आणि टाकायला जीव होत नाही म्हणालीस, गावच्या घरी फोटोला अडकवून आलीस."

 मग तुळसाकाकू पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता रडली. "म्हणजे मीच मेलीनं ह्यांना हार घालून भिंतीवर टांगलं! आणि त्या म्हातारीला वर्षभर शिव्या घातल्या." तात्या बाहेर आले आणि मला म्हणाले, "तू बस. सुकट आहे का उरलेली?"

काकूने त्याच संध्याकाळी गावाला फोन करून फोटोवरचा हार काढायला लावला. मग ज्याला त्याला फोन करून स्वतःच सांगत सुटली. माझं नावही सांगितलं. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी बेबी दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "अगो, एवढी मोठी चूक केलीस आन् वर्षभर पोटात ठेवलीस? मना तर एक दिवस नसती ठेवता आली." ती रागावली की कौतुक करत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

नवरीच्या बापाने सहा हजार परत आणले, ते पोशीमावशीने घेतले नाहीत. गाणं चुकलं ते चुकलंच, म्हणाली. मग मी ठरवलं की ते पैसे मी फेडायचे. मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "दे. तुझी चूक तुला म्हाग पडली पायजे, तरच ध्यानात ऱ्हाईल. पन सावकाश दे." मी कधी दोनशे, कधी पाचशे असे देत गेले.

पुढच्या मे महिन्यात तुळसाकाकूच्या नातवाचं लग्न झालं. बोलावणं आम्हालाच आलं. पोशीमावशीने गेलेल्यांची नावं घ्यायला मला पुढे बसवलं आणि ती मागे, बेबीच्या शेजारी बसली. मी सहा नावं घेतली. तिसऱ्या नावाला आवाज कापला, पण मागून पोशीमावशीने असा काही भरून उचलला की मी तरले. संपल्यावर मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "चालंल."

शेवटचे चारशे रुपये द्यायला मी या पौषात तिच्या घरी गेले. ती एकटी असते. नवरा केव्हाच गेला, पोरबाळ नाही. चुलीपुढे बसली होती. मी पैसे पुढे केले तर ते न घेता म्हणाली, "तुझ्या पोराचं लगीन कवा?"

"बघतोय. उन्हाळ्यात झालं तर."

"मी असन तर मीच बसन. नसन तर तू बसशील." मग चुलीतलं लाकूड सरकवत म्हणाली, "नसन तर तुमच्या मानसांत मना पन बोलाव. समद्यात शेवटी बोलावलंस तरी भागंल. माझ्या दारात मांडव पडायचा नाय, कमले. मना कोन बोलावनार?"

तिने आजवर किती घरांची माणसं बोलावली असतील, त्याचा हिशोब तिलाही सांगता येणार नाही.  मी फक्त "बोलावीन" म्हटलं. तिने मान हलवली.

मग तिने नोटा घेतल्या, दिव्यापुढे धरून मोजल्या आणि त्यातली एक शंभराची मला परत दिली. "ही फाटकी हाय. बदलून आन." दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरी नोट नेऊन दिली. तिने ती डब्यात टाकली, झाकण लावलं आणि सहा हजार पुरे फिटले.